विश्लेषण : रिव्हॉल्वर की ब्राउनिंग? अनंत कान्हेरे यांच्या हातातले पिस्तूल इतके महत्त्वाचे का ठरले?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तरुणाचे आयुष्य जेमतेम अठरा वर्षांचे. त्यातले शेवटचे काही महिने बेल्जियममध्ये तयार झालेल्या एका छोट्या पिस्तुलाभोवती फिरले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध, त्यानंतरचे खटले आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची दुसरी जन्मठेप या सगळ्याच्या मुळाशी ते पिस्तूल होते. ते रिव्हॉल्वरपेक्षा वेगळे कसे होते आणि त्या फरकाने काय घडवले?

अनंत कान्हेरे कोण होते?

अनंत लक्ष्मण कान्हेरे यांचा जन्म १८९२च्या सुमारास तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात झाला. कोकणातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे कान्हेरे कुटुंबही पोटापाण्यासाठी घाटावर गेले. अनंत यांचे बालपण आणि सुरुवातीचे शिक्षण इंदूरकडे झाले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आले.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे त्यांची गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्याशी गाढ मैत्री झाली. या मैत्रीवर अनंत यांनी ‘मित्रप्रेम’ नावाची छोटी कादंबरीही लिहिली. म्हणजे पुढे फाशी गेलेला हा मुलगा मुळात लिहिण्यावाचण्यात रमणारा होता.

श्रॉफ यांच्या ओळखीतूनच गुप्त मंडळींशी संबंध आला. गणू वैद्य शस्त्रे लपवण्याच्या कामासाठी औरंगाबादला येत. ब्रिटिश हद्दीत १८७८चा शस्त्र कायदा लागू होता आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा होता. निजामाचे राज्य या कायद्याच्या थेट कक्षेबाहेर असल्याने ते सोयीचे ठरे. अनंत यांचे धैर्य पाहण्यासाठी त्यांना पेटत्या दिव्याच्या तापलेल्या काचेवर हात धरायला सांगितले गेले आणि त्यांनी तो हलवला नाही, अशी हकिगत सांगितली जाते.

जॅक्सनच का?

जून १९०९मध्ये नाशिकच्या गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ‘लघु अभिनव भारतमाला’ या काव्यसंग्रहाच्या प्रकाशनावरून त्यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवण्यात आला होता. कविता छापल्याबद्दल जन्मठेप, ही गोष्ट नाशिकच्या तरुणांच्या जिव्हारी लागली. हा खटला सत्र न्यायालयाकडे सोपवणारा अधिकारी होता कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन.

जॅक्सन याचे व्यक्तिमत्त्व मात्र एकरंगी नव्हते. तो संस्कृतचा जाणकार होता, मराठी बोलत असे आणि इथल्या इतिहासाचा, लोकरूढींचा अभ्यास करत असे. नाशिकमध्ये काही जण त्याला पंडित म्हणत. कटातल्या तरुणांच्या दृष्टीने मात्र हा मनमिळाऊपणा फसवा होता. गोड बोलणारा अधिकारी उघड जुलूम करणाऱ्यापेक्षा राज्य अधिक पक्के करतो, असा त्यांचा समज होता.

नाशिकच्या गटाचे सूत्रधार कृष्णाजी गोपाळ कर्वे हे होते. विनायक नारायण देशपांडे हे त्यांचे साथीदार. प्रत्यक्ष काम करायला पुढे आले ते औरंगाबादचे अनंत कान्हेरे. नाशिकला येऊन त्यांनी जॅक्सन याला आधी पाहून घेतले, ओळख पक्की केली. तोपर्यंत शस्त्रही हाताशी आले होते.

पिस्तुले नाशिकपर्यंत कशी पोहोचली?

विनायक दामोदर सावरकर १९०६मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि इंडिया हाऊसमध्ये राहू लागले. १९०९च्या सुरुवातीला त्यांनी पॅरिसहून २० ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली, असे पुढे सरकारी तपासात नोंदवले गेले. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकाचे काम करणारे चतुर्भुज अमीन भारतात परतत होते. त्यांच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ बसवून त्यात ही पिस्तुले दडवण्यात आली.

अमीन मार्च १९०९मध्ये मुंबईत पोहोचले. त्याच सुमारास बाबाराव सावरकरांना अटक झाली होती आणि त्यांच्या घराची झडती घेतली गेली होती. तरीही पिस्तुले पोलिसांच्या हाती लागली नाहीत. ती वेगवेगळ्या हातांतून फिरत राहिली.

रिव्हॉल्वर आणि पिस्तूल यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. रचनेच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी शस्त्रे आहेत.

रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या एका फिरत्या दंडगोलात बसतात. बहुतेकांत सहा, काहींत पाच. प्रत्येक वेळी दंडगोल एक घर पुढे सरकतो आणि नवी गोळी नळीसमोर येते. हे फिरवण्याचे काम शस्त्र चालवणाऱ्याच्या बोटाची किंवा अंगठ्याची ताकद करते.

ब्राउनिंगसारख्या पिस्तुलात गोळ्या मुठीत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या असतात. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यानेच वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवी गोळी नळीत भरतो. त्या काळी याला ‘ऑटोमॅटिक’ म्हटले जाई. तरी चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. आपोआप होते ते फक्त पुढची गोळी भरणे.

चाप ओढताना हाताला काय जाणवते?

दोन शस्त्रांमधला खरा फरक इथे कळतो. रिव्हॉल्वर दोन प्रकारे चालते. एका प्रकारात आधी अंगठ्याने मागचा घोडा ओढून ठेवायचा. मग चाप हलका आणि आखूड लागतो, पण प्रत्येक गोळीसाठी पुन्हा घोडा ओढावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात नुसता चाप ओढायचा. त्याच एका ओढीत दंडगोल फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. त्यामुळे ही ओढ लांब आणि जड असते. साधारण पाच ते सहा किलो वजन एका बोटाने ओढण्याइतकी. एवढा जोर लावताना मनगट हलते आणि नेम ढळतो. सराव नसलेल्या माणसाला ही अडचण अधिक जाणवते.

ब्राउनिंगमध्ये आतली कळ प्रत्येक गोळीनंतर आपोआप ताणून तयार राहते. म्हणून पहिली काय आणि चौथी काय, चापाची ओढ सारखीच आणि रिव्हॉल्वरच्या लांब ओढीपेक्षा बरीच हलकी. शिवाय गोळी लहान, त्यामुळे हाताला बसणारा धक्काही कमी. लष्करी शिक्षण न मिळालेल्या, शाळकरी वयाच्या मुलाच्या हाती या फरकाला मोठा अर्थ होता.

बनावटीत कोण सरस?

इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला तेव्हा प्रामुख्याने वेब्ली रिव्हॉल्वर असे. बर्मिंगहॅममध्ये घडवलेले हे शस्त्र जवळपास किलोभर वजनाचे, दणकट आणि जाडजूड. मधून मोडले की रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडत. धूळ, घाम, पाऊस यांत ते सहसा दगा देत नसे. एखादे काडतूस फुसके निघाले तरी पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येई. ही रिव्हॉल्वरची सर्वांत मोठी जमेची बाजू. रचना सोपी, त्यामुळे भरवसा अधिक.

ब्राउनिंगची गोष्ट वेगळी. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटाचा बंदूक-कारागीर. १८९७मध्ये त्याने बेल्जियममधील एफएन कंपनीशी करार केला. लिएजजवळच्या हेर्स्टाल येथे हा कारखाना होता आणि बंदुका घडवण्याची त्या भागाची परंपरा काही शतकांची. तिथे तयार झालेले १९००चे मॉडेल हे या कंपनीचे गाजलेले पिस्तूल. लांबी सुमारे १७ सेंटीमीटर, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. त्यासाठी ७.६५ मिलिमीटरचे नवे काडतूसही ब्राउनिंगनेच तयार केले.

रिव्हॉल्वरचा दंडगोल दोन्ही बाजूंना फुगलेला असतो. ब्राउनिंग चपटे होते. कोटाच्या खिशात किंवा धोतराच्या ओच्यात ते उठून दिसत नसे. पेटीच्या खोट्या तळात २० पिस्तुले मावली, त्यामागेही हा चपटेपणा होता. तेवढी वेब्ली रिव्हॉल्वरे दडवायला पेटी पुष्कळ मोठी लागली असती आणि वजनानेच संशय आला असता.

अर्थात या पिस्तुलाला आपल्या मर्यादा होत्या. गोळी अडकली तर हाताने सरकता भाग मागे ओढून ती काढावी लागे. स्प्रिंग, मॅगझिनचे ओठ, काडतुसाची लांबी हे सगळे नेमके जुळावे लागे. सुटे भाग काटेकोर मापाचे नसतील तर असे पिस्तूल कुचकामी ठरते. ओबडधोबड गावठी रिव्हॉल्वर एखादा लोहार घडवू शकेल, ब्राउनिंग नाही. त्यासाठी कारखानाच हवा.

फक्त नाशिकच्या तरुणांनीच ब्राउनिंग निवडले होते का?

नाही. त्या दशकातल्या अनेक राजकीय हत्यांमध्ये हेच नाव येते. १९०४मध्ये हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर-जनरल बॉब्रिकोव्ह याच्यावर फिनलंडच्या ऑयगन शाउमन याने १९००च्या ब्राउनिंगमधून गोळ्या झाडल्या. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन येथे कोरियाच्या आन जुंग-गन याने जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना याच मॉडेलने मारले. नाशिकची घटना त्यानंतर दोन महिन्यांच्या आत घडली. १९१४मध्ये साराजेव्होत युवराज फ्रान्झ फर्डिनंड यांच्यावर चाललेले पिस्तूलही एफएन-ब्राउनिंगच होते, फक्त मॉडेल नंतरचे.

फिनलंड, कोरिया आणि महाराष्ट्र यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मात्र तिन्ही ठिकाणी परक्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांची गरज एकच होती. लपवता येईल, परदेशी बाजारात मिळेल आणि फारसा सराव नसतानाही चालवता येईल असे शस्त्र.

२१ डिसेंबर १९०९ रोजी काय घडले?

जॅक्सन याची बढतीवर मुंबईला बदली झाली होती. तो नाशिक सोडण्यापूर्वी काम उरकायचे ठरले. त्याच्या निरोपानिमित्त विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शारदा’ या नाटकाचा प्रयोग होता. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक आणि शारदेच्या भूमिकेत बालगंधर्व. जॅक्सन याला नाटकांची आवड होती. तो येणार हे उघड होते.

अनंत कान्हेरे आधीच नाट्यगृहात जाऊन बसले होते. ते चुकले तर पुढचे पाऊल उचलण्यासाठी कर्वे आणि देशपांडेही शस्त्रांसह हजर होते. जॅक्सन आत आला आणि आपल्या जागेकडे निघाला, तोच अनंत यांनी त्याच्यावर लागोपाठ गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथेच गतप्राण झाला. कर्वे व देशपांडे यांच्यावर शस्त्र वापरायची वेळच आली नाही.

काम झाल्यावर स्वतःचाही शेवट करायचा, अशी अनंत यांची तयारी होती. जवळच्या लोकांनी झडप घालून त्यांना धरले, त्यामुळे ते जमले नाही. त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही आणि आपण केलेले कृत्य नाकारलेही नाही.

पिस्तूलच पुरावा कसे ठरले?

ब्राउनिंगच्या ज्या गुणांनी ते नाशिकपर्यंत पोहोचले, तेच गुण उलटले. गावठी कट्टा असता तर तो कुठल्याही भट्टीतून आला असता. ब्राउनिंग हे मात्र कारखान्यात घडलेले, परदेशी शस्त्र होते. परवान्याशिवाय ते एका विद्यार्थ्याच्या हाती कसे आले, हा प्रश्न तपासाच्या पहिल्याच दिवशी उभा राहिला. धागा नाशिकहून मुंबईला आणि तिथून थेट लंडनला गेला.

धरपकड सुरू झाली. गणू वैद्यांसह अनेकांना अटक झाली. पेटी आणणारे चतुर्भुज अमीन सरकारच्या बाजूचे साक्षीदार झाले. विनायक सावरकरांनी पाठवलेल्या २० पिस्तुलांपैकीच एक या वधात वापरले गेले, असे सरकार पक्षाने मांडले.

जॅक्सन वधाचा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष न्यायपीठापुढे ज्युरीविना चालला. मार्च १९१०मध्ये निकाल लागला. अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशीची शिक्षा झाली, इतरांना काळ्या पाण्याची व कैदेची. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी देण्यात आली. गोळ्या झाडल्यापासून फाशीपर्यंत चार महिनेही पूर्ण झाले नव्हते.

नाशिक कटाचा मोठा खटला नंतर चालला. त्यात ३८ जणांवर आरोप होते आणि २७ जण दोषी ठरले. मार्च १९१०मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर पकडले गेलेले विनायक सावरकर यांना डिसेंबर १९१०मध्ये पहिली जन्मठेप झाली. ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन वधास साहाय्य केल्याबद्दल दुसरी. गोळ्या झाडल्या त्या रात्री ते भारतात नव्हते. त्यांना या वधाशी जोडणारा मुख्य दुवा म्हणजे ती पिस्तुले.

रत्नागिरीशी हे सगळे पुन्हा कसे जोडले गेले?

अंदमान आणि नंतर भारतातील तुरुंगांतून सावरकरांची ६ जानेवारी १९२४ रोजी सशर्त सुटका झाली. त्यांनी रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशी अट होती. ही स्थानबद्धता १९३७पर्यंत टिकली. रत्नागिरीतले पतितपावन मंदिर, सहभोजने, अस्पृश्यता निवारणाचे काम हे सगळे याच काळातले. खेड तालुक्यात जन्मलेल्या मुलाच्या हातातील पिस्तुलामुळे ज्यांची शिक्षा दुप्पट झाली, त्यांना सरकारने ठेवले तेही त्या मुलाच्याच जिल्ह्यात.

आणखी एक धागा फारसा सांगितला जात नाही. जॅक्सन याने आपल्या हयातीत गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती, देवदेवस्की, सणवार, पाऊस-पाण्याच्या चालीरीती यांची माहिती मागवली होती. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन याने ती संपादित केली. १९१४मध्ये गुजरातचा आणि १९१५मध्ये कोकणचा खंड प्रसिद्ध झाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मास्तरांनी कळवलेल्या ग्रामदेवतांच्या, भुताखेतांच्या, विहिरी-झाडांच्या नोंदी त्यात आहेत. कोकणच्या लोकजीवनाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आजही टाळता येत नाही.

ज्या कोकणाच्या गोष्टी जॅक्सन जमवत होता, त्याच कोकणातला मुलगा त्याच्यासमोर पिस्तूल घेऊन उभा राहिला. अभ्यासक म्हणून त्याने या भूमीवर माया केली असेल. पण कवितांबद्दल जन्मठेप देणाऱ्या यंत्रणेचा तो अधिकारी होता, आणि नाशिकच्या त्या रात्री दुसरी ओळख पहिलीपेक्षा भारी ठरली.

आज या शस्त्रांचे काय?

ब्राउनिंगने १९००च्या पिस्तुलासाठी बनवलेले ७.६५ मिलिमीटरचे काडतूस आजही बाद झालेले नाही. भारतात परवानाधारकांसाठी बनणारे ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल हेच काडतूस वापरते. कानपूरला बनणारे .३२ रिव्हॉल्वर वेगळ्या काडतुसावर चालते. म्हणजे रिव्हॉल्वर घ्यावे की पिस्तूल, हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रश्न परवाना मिळालेल्या माणसापुढे आजही असतो. उत्तरही साधारण तेच आहे. रिव्हॉल्वर साधे आणि भरवशाचे, पिस्तूल चपटे, जास्त गोळ्यांचे आणि चापाला हलके.

१८७८च्या शस्त्र कायद्याची जागा १९५९च्या कायद्याने घेतली. परवान्याची अट मात्र कायम राहिली आणि २०१९च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली.

नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांच्या नावाचे मैदान आहे. तिथे क्रिकेटचे सामने होतात, पहाटे लोक फिरायला येतात. मैदानात खेळणारी अनेक मुले त्याच वयाची असतात, ज्या वयात अनंत यांनी आपल्या मित्रावर कादंबरी लिहिली आणि नंतर ते पिस्तूल हातात घेतले.